मुखवटा नाचवायचा की रंगवायचा?

पालघर-मनोर रस्त्यावरचं मासवण, सूर्या नदीच्या काठचं. श्रावणात इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, बरणीतलं मीठ पाझरतं, पुस्तकांना बुरशी येते. अशा गावात एक निवृत्त शिक्षक तीस वर्षं सिनेमाची रिळं सांभाळून आहेत. पत्र्याच्या दोन ट्रंका, शाळेच्या भंगारातून वाचवलेला सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि कणगीमागे गुंडाळून उभा केलेला पडदा, एवढाच त्यांचा संसार. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यांची सख्खी भाची बोईसरला राहते आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी ती आली तेव्हा मीही पडवीत बसलेलो होतो. वीज गेली होती. संध्याकाळी पोरांना चार्ली दाखवायचा म्हणून मामांनी ट्रंक उघडली आणि दोघांची जुंपली. मी फारसा बोललो नाही. दोनदा चहा प्यायलो आणि ऐकलं ते लिहितो आहे.

भाची : मामा, हा वास कसला? दोन दिवस उघड्यावर राहिलेल्या ताडीसारखा.

मामा : पावसाळ्यात येतो तसा. ऊन दाखवलं की जातो.

भाची : जात नाही. तू नाक फिरवतोस एवढंच. हे ॲसिटिक आम्ल आहे. तुझी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची. दमट हवेत तिचं पाण्याशी जमतं, त्यातून आम्ल सुटतं आणि ते आम्ल पुढच्या नासाडीला घाई करतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. फार तर थंडीत ठेवून सावकाश करता येतं.

मामा : मग एवढा डबा बाजूला काढतो.

भाची : तो तर काढच. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. बंद ट्रंकेत त्याची वाफ बाकीच्या डब्यांना लागतेय. पण कुठला डबा आहे हा?

मामा : (डबा उलटून बघत) 'ईझी स्ट्रीट'.

मामांचा चेहरा उतरला. त्या दोन ट्रंकांत बातमीपट आहेत, शेतीखात्याचे माहितीपट आहेत, लॉरेल-हार्डीचा अर्धवट तुकडा आहे. पण पोरं मागतात तो हाच. चार्ली चॅप्लिनचा १९१७ चा, वीसेक मिनिटांचा. गुंडांच्या गल्लीत नवा हवालदार म्हणून चार्ली येतो. एक धटिंगण आपली ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा वाकवतो, तर चार्ली तोच दिवा त्याच्या डोक्यावर ओढतो आणि गॅस सोडून त्याला झोपवतो.

भाची : हा आज लावायचा नाही.

मामा : आजच लावायचा. बाय, सिनेमा डब्यात ठेवायची वस्तू नव्हे. तीस वर्षांत मी हा किती वेळा लावला, मोजदाद नाही. आश्रमशाळेत लावला, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात लावला. सूर्येला पूर आला आणि माणसं देवळात बसून होती तेव्हा जनरेटरवर लावला. हसणारं कुणी नसेल तर तो विनोद कसला? तो नुसता प्लास्टिकचा गुंडाळा.

भाची : प्रत्येक वेळी लावलास तेव्हा त्याला चरे पडले, भोकं झिजली, जोड सुटले. चार जोड तर मला इथूनच दिसतात. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी गेल्या. म्हणजे तुझा चार्ली दरवर्षी थोडा-थोडा आखूड होतोय.

मामा : माणूसही होतो.

भाची : ते सोड. हे रीळ तुला मिळालं कुठे?

मामा : मुंबईच्या चोरबाजारात. मी मोखाड्याला नोकरीला होतो, सुट्टीत जायचो. तिथे फिल्म किलोवर मिळायची. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते ना? ती धुऊन काढायची आणि उरलेली पट्टी विकायची, असा धंदाच होता. मी भंगारवाल्याला म्हटलं, चांदीचे किती होतील तेवढे माझ्याकडून घे. तो हसला. मग म्हणाला, घेऊन जा, कार्टून आहे.

भाची : म्हणजे तू वाचवलंस, हे कबूल. मी ते नाकारत नाही.

मामा : मग भांडतेस कशाला?

भाची : वाचवणं हे एकदाचं काम नाही, म्हणून. भंगारवाल्याच्या हातून सोडवलंस आणि मग तीस पावसाळे या पडवीत भिजवलंस.

इथे मामांनी विषय बदलला. हरायला लागलं की ते चार्लीच्या चालीवर येतात.

मामा : बरं, एक सांग. हल्ली पोरं मोबाइलवर चार्ली बघतात, पण माझ्याकडचा बघताना जास्त हसतात. का?

भाची : कारण तुझा चार्ली जास्त धावतो. तुझा प्रोजेक्टर बोलपटाचा, सेकंदाला चोवीस चौकटींचा. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग ठरलेला नसे. साधारण सोळा ते वीस चौकटी. ते चोवीसने फिरवलं की सगळी माणसं अंगात आल्यासारखी पळतात. आणि तुझ्या पट्टीच्या एका कडेला ध्वनीचा माग आहे, बघ. मूकपटाला आवाज कुठून आला?

मामा : बँड वाजतो त्यात. दार आपटलं की आवाजही येतो.

भाची : ते चार्लीचं नव्हे. म्युच्युअल कंपनीसाठी त्याने १९१६-१७ मध्ये बारा छोटे पट काढले. १९३२ पासून व्हॅन ब्युरेन नावाच्या स्टुडिओने ते विकत घेऊन त्यांना संगीत आणि खडखडाट चिकटवला आणि चोवीसच्या वेगाने बाजारात आणले. तुझी प्रत त्या वंशातली. तू ज्याला जुना माल म्हणतोस तो आधीच कुणीतरी दुरुस्त केलेला आहे.

मामा : पण सगळी घाई चोवीसचीच कशी असेल? चॅप्लिनचा कॅमेरामन रोलंड टॉथरो हातानेच फिरवायचा ना? पडदा लावला की माणूस जरा चपळ दिसावा, हे त्यांना ठाऊक होतं. मारामारी असेल तर कॅमेरा मुद्दाम हळू फिरवायचा, म्हणजे पडद्यावर जोर येतो. थोडी लबाडी त्याचीच आहे, थोडी यंत्राची.

भाची : हे मात्र खरं. म्हणून तर नेमका वेग कुठला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

मामा : आणि पोरांना त्या वादाचं काय? मूकपट कधीच मुका नव्हता, बाय. थेटरात पेटी-तबला असायचा, गोष्ट समजावून सांगणारा असायचा. मी मोखाड्यात बोहाडा बघितलाय. सोंग मुखवटा घालून येतं. तोंडातून शब्द नाही. संबळ वाजतो, सनई वाजते आणि चाल बघून माणसं ओळखतात, हा नारसिंह, हा रावण. एखादं सोंग मुद्दाम अडखळतं आणि लोक हसून लोळतात. चार्ली बघितला तेव्हा मला वाटलं, याला मी ओळखतो.

भाची : मुखवटे कशाचे असतात?

मामा : लाकडाचे. कागदाच्या लगद्याचेही. एकेका घराकडे एकेक सोंग असतं, पिढीजात. वर्षभर आढ्याला टांगलेलं. दरवर्षी नाचायच्या आधी नव्याने रंगवतात. काही मुखवटे किती पिढ्यांचे आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही. का टिकले? नाचले म्हणून टिकले! कुणी काचेच्या कपाटात ठेवले असते तर वाळवीने खाल्ले असते. माझं म्हणणं एवढंच आहे.

मला वाटलं, इथे मामा जिंकले. भाची थोडा वेळ पागोळ्यांकडे बघत राहिली.

भाची : आपल्या फाळक्यांचं काय झालं ते सांग. त्यांचे पट काही कमी नाचले नाहीत.

मामा : त्यांचं नाव काढलंस तर ऐक. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन थेटर, 'राजा हरिश्चंद्र'. हे सगळ्यांना पाठ असतं. पण दादासाहेब मुळात गमत्या माणूस. जादूचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. उलटं वाच, फाळके! 'मोहिनी भस्मासुर'ला जोडून त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी पट दाखवला. 'आगकाड्यांची मौज' काढली, त्यात काडेपेटीतल्या काड्या आपणहून हलतात. भस्मासुर बघायला आलेल्या माणसाला आधी हसवायचं, ही अक्कल त्यांना पहिल्यापासून होती. लोक मात्र फाळके म्हटलं की हात जोडतात. हसत कुणी नाही.

भाची : हसायला समोर काय उरलंय? 'हरिश्चंद्र'ची चार रिळं होती, आज तुकडे आहेत. तेही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या 'हरिश्चंद्र'चे, असं काही अभ्यासक मानतात. आपल्या देशात हजाराच्या वर मूकपट निघाले. पूर्ण-अपूर्ण धरून उरलेत ते पाव शतकाच्या आसपास—

मामा : म्हणजे पंचवीस-तीस. पंतोजीसमोर आकडे नीट बोल.

भाची : पंचवीस-तीस! बंगालात धीरेन गांगुलींनी १९२१ मध्ये 'बिलेत फेरत' काढून विलायतेहून परतलेल्या बाबूंची टर उडवली, लोकांनी डोक्यावर घेतला. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. 'सावकारी पाश'ची तर प्रतच राहिली नाही. थेटरातून थेटरात, जत्रेतून जत्रेत, झिजेपर्यंत नाचवल्या प्रती आणि मग चांदीसाठी विकल्या. नाचण्याने टिकतं म्हणालास ना? हे सगळे नाचून-नाचून गेले.

मामा : आणि तरी 'कालिया मर्दन' उरला.

भाची : उरला. कसा ते सांग.

मामा : आधी काय उरलं ते सांगतो. १९१९ चा पट. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती पोर कॅमेऱ्यासमोर नुसते चेहरे करून दाखवते, हसते, रागावते, रडवेली होते. जणू दादासाहेब सांगताहेत, बघा, ही माझी मुलगी आहे, आता हिचा कृष्ण होणार. मग गोकुळातल्या खोड्या. एका गबर जोडप्याच्या घरात कृष्ण रात्री शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो! कालियाचा प्रसंग मोठा आहे खरा, पण मला ती गाठ जास्त आवडते. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून एखादी गमतीची गोष्ट सांगतात ना, तशी. आपल्या मूकपटातला विनोद हा असा, देवाच्या आडून आलेला.

भाची : छान सांगितलंस. आता हे आपल्याला दिसलं कुणामुळे? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं आणि पी. के. नायर १९६५ पासून १९९१ पर्यंत तिथे होते. त्या माणसाने फाळके कुटुंबाकडून मिळालेले तुकडे गोळा केले, क्रम लावला, नव्या फिल्मवर प्रती काढल्या. 'जमाई बाबू' हा १९३१ चा बंगाली विनोदी मूकपट, गावाकडचा जावई कलकत्त्यात हरवतो तो, तोही आज हाती आहे. तू म्हणतोस तसं नाचून नव्हे.

मामा : पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली ती विसरलीस? सरकारी कुलूप होतं, तरी गेलं ना सगळं?

भाची : नायट्रेट पेटलं की विझत नाही. जळायला लागणारा प्राणवायू त्याच्या पोटातच असतो, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. हॅरल्ड लॉइडच्या बंगल्यातही १९४३ मध्ये तेच झालं. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो नट. स्वतःचे पट त्याच्याइतके जपणारा दुसरा नव्हता, आणि सुरुवातीचे कितीतरी पट त्याच्याच आवारात जळाले.

मामा : बघ! म्हणजे जपणाऱ्याकडेही जातं.

भाची : एकाच जागी जपणाऱ्याकडे जातं! आता उलट बाजू बघ. लॉरेल-हार्डीचा १९२७ चा 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'. त्यात अख्खा रस्ता एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे पाय मारतो.

मामा : पाय?

भाची : खायचे, मामा. केकसारखे. हजारोंनी. ती मारामारी असलेलं दुसरं रीळ हरवलं होतं. रॉबर्ट यंगसन नावाच्या माणसाने १९५७ मध्ये जुन्या विनोदांचा एक संकलनपट केला, त्यात त्यातला थोडा भाग घेतला होता, तेवढाच लोकांनी बघितलेला. २०१५ मध्ये अख्खं रीळ एका संग्राहकाच्या साठ्यात मिळालं. नायट्रेटचं मूळ नव्हे. यंगसनसाठी काढलेली सोळा मिलिमीटरची साधी प्रत! मूळ गेलं, नक्कल राहिली.

मामा : सोळा मिलिमीटर! माझ्या ट्रंकेतल्यासारखी.

भाची : तशीच. कोडॅकने १९२३ मध्ये सोळा मिलिमीटर आणलं ते घरात, शाळेत लावता यावं म्हणून. भडकणारी फिल्म घरात कोण घेईल? म्हणून पहिल्यापासून न पेटणारी. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सच्या पाथेने साडेनऊ मिलिमीटर काढलं, तेही घरासाठी. मोठ्या कंपन्यांनी मूळ रिळं टाकून दिली आणि पोरांच्या वाढदिवसाला लावायच्या स्वस्त नकला वाचल्या. विनोदी पट त्यातल्या त्यात बरे टिकले ते याच कारणाने. लांबीला कमी, पोरांना आवडणारे, म्हणून त्यांच्या घरगुती नकला जास्त निघाल्या. आपल्याकडे 'पिठाचे पंजे' घरी आणून लावायची सोय कुणाकडे होती?

मामा : आणि २०१० मध्ये मिशिगनात जुन्या सामानाच्या विक्रीत एकाला चार्लीचा पट सापडला ना? १९१४ चा, 'अ थीफ कॅचर'. त्यात चार्ली आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तो माणूस माझ्यासारखाच भंगार उचलणारा!

भाची : उचलणारा खरा, पण त्याने तो लावून बघितला, पोलिसाच्या वेशातला चार्ली ओळखला आणि लगेच जगाला दाखवला. ट्रंकेत ठेवून तीस वर्षं एकट्याने मिरवला नाही. मामा, आता तुझ्या बोहाड्यावर येते.

मामा : ये.

भाची : मुखवटा नाचतो म्हणून टिकतो, असं तू म्हणालास. आणि त्याच दमात म्हणालास की दरवर्षी नाचायच्या आधी रंगवतात. टिकतो तो त्या रंगाने. नाचताना टवके उडतात, रंगवताना भरतात. फिल्मला रंग देता येत नाही. तिची प्रत काढणं हेच तिचं रंगवणं. नायर तेच करत होते, तो यंगसन नकळत तेच करून गेला. तू तीस वर्षं नुसता नाचवतोयस.

मामा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि शाळेतली लाकडी मोजपट्टी घेऊन आले.

मामा : तू प्रयोगशाळेतली ना? मग तोंडाने नको सांगू. मोजून दाखव. आटलीय किती?

मोजायची रीत सोपी निघाली. सोळा मिलिमीटरच्या पट्टीवर दर चौकटीला एक भोक. नव्या फिल्मची शंभर भोकं मोजली तर ७६२ मिलिमीटर भरतात. भाचीने कंदिलाच्या उजेडात पट्टी ओट्यावर सरळ पसरली, भिंगातून कडेची खूण बघितली. एक त्रिकोण. कोडॅकच्या खुणा वीस वर्षांनी परत येतात, म्हणजे ही फिल्म १९३८ ची, १९५८ ची किंवा १९७८ ची. मग मामा मोठ्याने भोकं मोजू लागले, वर्गात पाढे म्हणतात तसे. शंभरावं भोक ७५५ वर आलं.

भाची : सात मिलिमीटर कमी. शंभराला जवळजवळ एक. एवढं आटल्यावर प्रोजेक्टरचे दात भोकात नीट बसत नाहीत. आज लावलास तर फाटत जाईल.

मामा : म्हणजे संपला.

भाची : हे रीळ संपत आलं. 'ईझी स्ट्रीट' नाही. त्याच्या याहून स्वच्छ प्रती जगात कितीतरी आहेत. पुण्याला पाठवलंस तर तेही म्हणतील, हा आमच्याकडे आहे.

मामा : मग एवढा वेळ रंगव-रंगव काय चाललं होतं? रंगवायचं काय?

भाची : तू लावतोस तेव्हा गप्प बसतोस का?

हे खरं होतं. मामा पट लावतात तेव्हा बँडचा आवाज बारीक करतात आणि स्वतः बोलतात. चार्ली हवालदार होतो, धटिंगणाला ते दरवर्षी गावातल्या कुठल्यातरी हयात माणसाचं नाव देतात आणि तो माणूस समोर बसून सगळ्यांत मोठ्याने हसतो. दिवा वाकला की ते क्षणभर थांबतात. पोरांना ती जागा माहीत आहे. गॅस सोडण्याआधी सगळी एका सुरात ओरडतात.

भाची : ते कुठे आहे? कुठल्या डब्यात? त्याची एकही नक्कल नाही. पुढच्या रविवारी मी कंपनीतल्या मित्राचा प्रोजेक्टर आणते, डिजिटल. चांगली प्रत, नीट वेगाची. तू बोलायचं. मी ते रेकॉर्ड करणार. हे रीळ वेगळ्या डब्यात, सुकं करून, बोईसरला माझ्याकडे राहील.

मामा : नीट वेगाची म्हणजे सावकाश ना? मग माझं बोलणं पुढे आणि चार्ली मागे राहायचा. तीस वर्षं चोवीसवर बोलतोय मी.

भाची : तालीम कर.

मामा : आणि वास आला तर?

भाची : कशाला?

मामा : मला. (मोजपट्टी तिच्या हातात देत) पंचाहत्तरी आली. जाता-जाता मोजून जा, शंभराला किती आटलोय ते.

तेवढ्यात वीज आली. अंगणात जमलेल्या पोरांनी एकच ओरडा केला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.